कवा आला? कवा जाऊन राहिला?

गिरडच्या एस.टी. थांब्यावर चाकांची मोठी बॅग घेऊन एखादा माणूस उतरला, की त्याला दोन प्रश्न विचारले जातात आणि दोन्ही एकाच दमात. ‘कवा आला? कवा जाऊन राहिला?’ मधे उसंत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. शेजारच्या काकाला एवढंच ठरवायचं असतं, की याला जेवायला आज बोलवायचं की रविवारी. पण ऐकणाऱ्याला दुसरा प्रश्न बोचतो. डॅलसहून किंवा दुबईहून निघालेला, नागपूरला उतरून उमरेडच्या बाजूने आलेला तो माणूस आत्ता कुठे गावात पाऊल ठेवतोय, आणि गाव त्याच्या परतीच्या तिकिटाची चौकशी करतंय.

‘जाऊन राहिला’ हा वऱ्हाड-नागपूरकडचा प्रयोग मोठा मार्मिक आहे. पुण्याचा माणूस ‘कधी जाणार?’ म्हणतो; त्याच्या लेखी जाणं पुढं कधीतरी घडायचं आहे. इकडच्या बोलीत ते सुरूच झालेलं असतं. माणूस आला त्या घडीपासून जाऊन राहिलेला असतो. व्याकरणाची पुस्तकं या प्रयोगाला हिंदीची छाया म्हणोत. सुट्टीवर आलेल्या माणसाची अवस्था इतक्या कमी अक्षरांत दुसऱ्या कुठल्या बोलीला सांगता आलेली नाही.

गिरड हे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये ते ‘गिरार’ झालं. गाव ओळखलं जातं ते टेकडीवरच्या बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे. तिथं हिंदू-मुसलमान दोघेही जातात, नवस बोलतात, फेडतात. गॅझेटियरने नोंदवलेली कथा अशी, की तीस वर्षं फकीर म्हणून भटकल्यावर १२४४च्या सुमारास हे संत या टेकडीवर आले. नारळ आणि इतर माल घेऊन दोन फिरते व्यापारी तिथून जात होते. त्यांनी फकिराची टिंगल केली आणि फकिराने त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. टेकडीवर आजही गोल गोल दगड सापडतात. लहानपणी गिरडच्या प्रत्येक पोराने ते खिशात भरलेले असतात. भूगर्भशास्त्र म्हणतं, हे झिओलाइटचे गोळे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे फुगे अडकले, त्या पोकळ्यांत पुढं खनिजं साठत गेली, भोवतालचा खडक झिजला आणि गोळे सुटे झाले. दोन्ही हकिगती गावात गुण्यागोविंदाने नांदतात.

पण कथा दगडांवर थांबत नाही. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली तेव्हा फकिराने वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते इतके भारावले, की पुढं गेलेच नाहीत. सेवेत तिथंच राहिले, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्या म्हणून दाखवल्या जातात. वाटेवरच्या दोघांचं ‘जाऊन राहणं’ थांबलं, अशी ही कथा आहे. आज गिरडला येणाऱ्या परदेशस्थाजवळ मात्र फकीर नसतो, व्हिसा असतो.

या माणसाची अडचण उलटी आहे. फकिराने व्यापाऱ्यांच्या मालाचा दगड केला. हा स्वतःच आपल्या गावाचा दगड करून सोबत घेऊन गेलेला असतो. पंधरा-वीस वर्षं तो दगड तिकडच्या थंडीत त्याने उराशी धरलेला असतो: कौलारू घर, ज्वारीची भाकर, शेणाने सारवलेलं अंगण, तान्ह्या पोळ्याला दोरीने ओढत नेलेला चाकांचा लाकडी नंदीबैल आणि घरोघर मिळालेला बोजारा. मग तो येतो आणि जुळवणी सुरू करतो. कौलं गेली, स्लॅब आला. ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं. बोजाऱ्याचं नाणं गेलं, नोट आली. प्रत्येक फरकापाशी तो हळहळतो आणि ऐकणाऱ्या चुलतभावाला उगाच अपराधी वाटायला लावतो. ‘आता पहिल्यासारखं नाही राहिलं’ हे वाक्य गावात राहणाऱ्यापेक्षा गाव सोडून गेलेल्याच्या तोंडी जास्त असतं. ज्याला पावसाळ्यात कौलं चाळावी लागत होती, त्याला स्लॅबचं दुःख होत नाही.

आणि बदल नेमका कुठल्या दिशेने झाला, तेही या पाहुण्याला नीटसं कळत नाही. गावात शहर शिरलं, अशी त्याची तक्रार. ती खरीच आहे. मोबाइलचे मनोरे आहेत, वरातीत डीजे आहे. पण त्याच वेळी गावात जंगलही शिरलंय. पलीकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं. तिथला ‘जय’ नावाचा वाघ देशभर गाजला आणि २०१६मध्ये दिसेनासा झाला. गिरडच्या आसपासच्या शिवारात वाघ फिरल्याच्या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. लहानपणी सूर्य मावळेपर्यंत ज्या वावरात हा माणूस बोरं वेचत हिंडला, तिथं संध्याकाळी जायला आता मोठी माय त्याला मनाई करते. रानडुक्कर आणि रोही पिकात घुसतात म्हणून रात्रीची जागल करायची, आणि जागल करताना वाघाची धास्ती घ्यायची, असा हा दुहेरी पेच आहे. १९९०च्या गिरडपेक्षा आजचं गिरड काही बाबतींत जास्त रानटी आहे. परतलेल्याच्या आठवणीत मात्र वाघ नसतो, कारण तेव्हा तो इतका जवळ नव्हता. मग उराशी धरलेल्या त्या चित्रात तो येणार कसा?

इथं एक गोष्ट म्हणायला हवी. ठरलेल्या तारखेला यायचं, चार दिवस राहायचं आणि डोळे पुसत परत जायचं, हा अनुभव परदेशी गेलेल्या पुरुषांना मोठा जगावेगळा वाटतो. त्यावर लेख लिहिले जातात, नाटकं होतात, मंडळांच्या अधिवेशनांत परिसंवाद झडतात. पण महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकसंख्येने तो पिढ्यान्‌पिढ्या घेतलाय आणि त्याला साधा शब्द आहे, माहेर. मुराळी न्यायला येणार, चार दिवस राहणार, ओटी भरून परत. गिरडची मुलगी हिंगणघाटला दिली तरी तिला हेच होतं. मुलगा न्यूजर्सीला गेला म्हणून त्याला पहिल्यांदा झालं एवढंच. परदेशस्थ पुरुष हा आपल्याकडचा सगळ्यात नवशिका माहेरवासी आहे, आणि नवशिक्यासारखाच चुका करतो.

जुनी माहेरवाशीण कशी वागते ते बघावं. ती येते, पहिला चहा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुरडयांच्या चिकाशी किंवा तुरी पाखडायला बसलेली असते. वहिनीने डब्यांच्या जागा बदलल्या म्हणून ती कुरकुरत नाही. आपण निजायचो त्या खोलीत आता चण्याची पोती आहेत, हे तिला एका नजरेत कळतं आणि ती पोत्यांना टेकून बसते. गावाबद्दल ती मत देत नाही, विचारते. कोणाची बाळंतीण घरी आली, कोणाची विहीर आटली, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं. आठवडाभरात तिच्याजवळ गावाची ताजी खबर असते. भाऊ अमेरिकेतून आला तर आठवड्याच्या शेवटी त्याच्याजवळ तीनशे फोटो असतात.

तिच्या या शहाणपणाचं कौतुक करताना त्याची किंमतही सांगायला हवी. ते हौसेने आलेलं नव्हतं. माहेरच्या मातीवर तिचा हक्कच नव्हता. मागण्यासारखं काही नसलेला माणूस जपून वागायला शिकतो. कायद्याने हे सावकाश बदललं. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने काढली. तरी घोळ राहिलाच, कारण दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात हवेत की नाही यावर न्यायालयांचं एकमत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं, की तशी गरज नाही. आता बहिणीचं नाव भावाच्या नावाशेजारी लागतं. म्हणूनच भाऊबिजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्राचा मसुदाही येऊन बसतो. परदेशातला भाऊ नेमका त्याच आठवड्यात आलेला असतो, वकील नागपूरचा असतो, आणि ‘सगळे एकत्र आहेत तर उरकून टाकू’ हे वाक्य कोणीतरी म्हणतंच.

पाहुण्याने जुन्या घराच्या भिंतीवर हात फिरवावा, शाळेच्या पायरीवर बसावं, टेकडी चढावी. याला कोणी ना म्हणत नाही. पण गावाशी त्याचं नातं खरं किती आहे, हे टेकडीवर कळत नाही. ते तलाठ्याच्या कार्यालयात कळतं. (तलाठ्याचंही आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, बदलाची हळहळ वाटणाऱ्यांनी यादीत हेही जोडावं.) वडील जाऊन सात वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, अशी कितीतरी वावरं विदर्भात पडून आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते, की वारसाने हक्क मिळाला तर तीन महिन्यांत कळवावं. तीन महिने सोडा, तीन दिवाळ्या जातात. मुलाला वाटतं, नोंद केली म्हणजे बाबा खरंच गेले. भावना समजण्यासारखी आहे. पण त्या जमिनीवर पीककर्ज काढायचं असतं, अतिवृष्टीचं अनुदान यायचं असतं, पीकविमा भरायचा असतो; आणि ते सगळं ज्याने करायचं तो मागे राहिलेला भाऊ मेलेल्या माणसाच्या नावाच्या कागदावर अडकून बसतो.

ही चैन नाही परवडत या जिल्ह्याला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला शेतकरी कुटुंबांशी बोलले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत वर्धा होता. कर्ज, कापूस आणि आत्महत्या यांच्या त्या वर्षांतच इथली बरीच शिकलेली मुलं बाहेर पडली. पुण्याला, हैदराबादला आणि तिथून पुढं. ती पळून गेली असं म्हणणं अन्यायाचं होईल. बापानेच सांगितलं होतं, वावराच्या भरवशावर राहू नको. पण ज्या वावरातून फी भरली गेली त्याच्या कागदावर धूळ बसू देणं, ही आठवण जपण्याची रीत नव्हे.

कायदा परदेशस्थाशी तसा सैलच वागतो. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि विदर्भाला लागू असलेल्या १९५८च्या कूळ कायद्याने घेणारा शेतकरी असावा लागतो. म्हणजे गिरडच्या मुलाने एकदा वावर विकलं आणि उद्या मन पालटलं, तर पैसे असूनही ते त्याला पुन्हा घेता येणार नाही. विकण्याआधी हे माहीत असलेलं बरं. मतदानाचंही तसंच. पासपोर्ट भारतीय असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल, तर २०१०च्या दुरुस्तीनंतर पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारयादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र प्रत्यक्ष केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन यावं लागतं. त्यासाठी विमानाचं तिकीट काढणारे विरळा. गावच्या कमानीला देणगी देणारे त्यामानाने बरेच. कमानीवर नाव येतं.

मोठ्या नावांची परतभेट कशी असते तेही पाहण्यासारखं आहे. आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर २०१९च्या डिसेंबरअखेर कुटुंबासह मालवण तालुक्यातल्या वराडला आले. त्यांचे डॉक्टर वडील मूळचे त्या गावचे, साठच्या दशकात इंग्लंडला गेलेले. वाजतगाजत स्वागत झालं, गावाने कौतुक केलं. खुद्द लिओंचा जन्म डब्लिनचा. त्यांना वराडची आठवण असण्याचं कारण नव्हतं, म्हणून अपेक्षाभंगही नव्हता. ते आडनाव बघायला आले होते आणि ते तिथं होतं. काहींचं पुस्तकच परत येतं. बेळगावात वाढलेले आणि १९७९ साली अमेरिकेला गेलेले श्री ठाणेदार यांनी ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं आणि मराठी वाचकांनी ते उचलून धरलं. २०२२मध्ये ते मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले. त्या पुस्तकाच्या यशाचं एक कारण साधं आहे. जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी मागे कोणीतरी वाचणारं असतं.

कोकणातले बेने इस्रायली ज्यू याहून पुढं गेलेले. १९४८नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशी गावं आडनावात बांधून नेली. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. त्यांची नातवंडं अलिबागजवळच्या नवगावला येतात तेव्हा घर शोधत नाहीत, कारण ते उरलेलं नाही हे त्यांना माहीत असतं. ती पूर्वजांच्या दफनभूमीपाशी जातात. नागपुरात आणि वर्ध्यात ‘गिरडकर’ सापडतात. त्यातल्या कित्येकांनी गिरड पाहिलेलंही नसेल. त्यांचं काही अडलेलं नाही. गाव एकदा आडनावात शिरलं, की ते बदलत नाही आणि त्याला सातबाराही लागत नाही. पंचाईत होते ती मधल्या पिढीची, जिची आई अजून त्या घरात आहे.

आईपाशी गोष्ट अखेर येतेच. मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर असतो. हिंगणघाटची मुलगी पंधरवड्याने एस.टी.ने येते. १७ मार्च २०२३पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं, तेव्हापासून कधी आठवड्यानेही येते. आईच्या गोळ्या संपल्या हे मुलीला माहीत असतं, गोळ्यांचे पैसे मुलगा पाठवतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. पण वर्षाकाठी मुलगा आला, की आई त्याच्यासाठी वडाभात करते, गाव त्याच्याभोवती जमतं, आणि मुलगी भांडी आवरते. परतभेटीच्या सगळ्या हळव्या वर्णनांतून ही भांडी आवरणारी बहीण नेहमी गळालेली असते. तिला कोणी ‘कवा जाऊन राहिली?’ असं विचारत नाही. ती संध्याकाळच्या गाडीने जाणार हे सगळ्यांना माहीत असतं.

तेव्हा यंदा डिसेंबरात येणाऱ्याने एक करावं. सुट्टी तीन आठवड्यांची असते. पहिला आठवडा लग्नांत आणि दर्शनांत जातो, दुसरा पाहुण्यांत, आणि तलाठ्याची आठवण होते ती निघायच्या चार दिवस आधी. तेव्हा काही होत नाही. फेरफाराची नोंद धरल्यावर तिची प्रत चावडीवर लावतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हिशेब साधा आहे: कार्यालयात पहिल्याच आठवड्यात जावं, टेकडीवर शेवटच्या. खरं तर वारसनोंदीचा अर्ज आता ‘ई-हक्क’वर डॅलसमधूनही करता येतो, डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. पण नोटीस पाहून शेजारी काय म्हणाला, बांधावरून कोणाचा जुना राग आहे, हे संगणक सांगत नाही. ते ऐकायला ओट्यावर बसावं लागतं. बहिणीला बरोबर न्यावं. अर्जात तिचं नाव तिच्यासमोर लिहावं, आणि हक्कसोडीचा विषय निघालाच तर तो विमानाच्या तारखेला बांधू नये.

मग बॅग भरायची. वजनकाटा तेवीस किलोला अडतो. याच तालुक्यातल्या वायगावची हळद, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिची दोन पाकिटं जातात; खारोड्या जातात, आंब्याचं लोणचं कपड्यांत गुंडाळून जातं. माळ्यावर सापडलेला, एक चाक निखळलेला लाकडी बैल आत जातो, बाहेर येतो, शेवटी भावाच्या पोराकडे जातो. येत्या तान्ह्या पोळ्याला त्याला चाक लावायचं ठरतं. टेकडीवरून उचललेला गोल दगड पाव किलोचा निघतो आणि तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर राहतो.

तो दोह्याच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसलेला असताना इकडे चावडीच्या फळ्यावर कागद लागलेला असतो. मयत खातेदार म्हणून वडिलांचं नाव, खाली वारस: पत्नी, मुलगा, मुलगा, मुलगी. येणारा-जाणारा उभा राहून वाचतो. हरकतीची मुदत संपायला अजून सहा दिवस आहेत.